मागीलदारचे मास्तर

आमच्या सरांना आयुष्यात तीनदा कुत्रा चावला आणि तिन्ही वेळा चूक कुत्र्याची नव्हती. सर कुणाच्याही घरी पुढच्या दारानं जातच नसत. खळं, म्हणजे पुढचं अंगण, सारवलेलं आहे, पडवीत खुर्ची झटकून ठेवली आहे, घरधनी "येवा, येवा" करत उभा आहे, आणि सर त्याला लांबूनच हात करून घराला वळसा घालून केळींत शिरलेले! न्हाणीच्या पाण्यावरून एक उडी, लाकडांच्या राशीला वळसा, की थेट मागीलदारी. तिथे घरची बाई केस सोडून मासे साफ करत बसलेली असायची. ती किंचाळायची, मांजर पळायचं, आणि कुत्रा असला तर तो आपलं कर्तव्य करायचा.

"पण सर, का?" असं विचारलं की सरांचं उत्तर ठरलेलं. "माणूस पुढल्या दारान बोलता नि मागीलदारान जगता. माका जगणा बगूचा आसा."

सर कणकवलीच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. हजेरी घेताना अगदी कडक प्रमाण मराठी, 'उपस्थित', 'अनुपस्थित' वगैरे. विषय तापला की मात्र मालवणीवर यायचे, आणि तेव्हा आम्ही वह्या बंद करून नुसते ऐकत बसायचो. अबोध मन शिकवायला घेतलं त्या दिवशी त्यांनी तो शब्द फळ्यावर लिहिला, त्याच्याकडे जरा नाराजीनं बघितलं आणि म्हणाले, "परीक्षेत असाच लिवा. पण आपल्याकडे ह्याचा नाव मागीलदार. पुढे तुळस, रांगोळी, पावण्यांका खुर्ची. मागे काय आसा ता पावण्यांका दिसना नाय. आणि गंमत अशी, की घरच्यांकाय दिसना नाय. रोज थंयसून येतत-जातत म्हणान."

आज मी स्वतः हाच विषय शिकवते. जाडजाड पुस्तकं वाचली, पण ह्याहून सोपं मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

सरांची दोन वैशिष्ट्यं आधी सांगते, पुढे लागतील. एक म्हणजे, काही सापडलं की ते "गावला!" म्हणून ओरडायचे. कॅन्टीनमध्ये ओरडायचे, बाजारात ओरडायचे. एकदा एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत ओरडले. नवरीची मावशी प्रत्येक वेळी नवऱ्या मुलाला सोडून भटजींवर अक्षता टाकत होती, त्याचं कारण त्यांना म्हणे तिथेच उमगलं. दुसरं म्हणजे, खोटं बोलताना त्यांचा उजवा हात कानाच्या पाळीकडे जायचा. हे त्यांनीच आम्हाला पहिल्या दिवशी सांगून टाकलं. "माका म्हाईत आसा. पण थांबवूक जमणा नाय. म्हणजे बगा, हात कोणाचो? माझो. ऐकता कोणाचा? माझा नाय!" प्राचार्यांना कसलीशी माहिती देताना सरांचा कान लाल झालेला सगळ्या कॉलेजनं पाहिलेला आहे.

आता फळ्यावरच्या गावाची गोष्ट. वर्ष सुरू झाल्यावर सर म्हणाले, तुमच्यावर जागांचं बंधन नाही, रोज हवं तिथे बसा. आम्ही खूश. पंधरा दिवस हजेरी घेताना ते कसल्यातरी कागदावर खुणा करत होते, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मग एका सकाळी आले ते न बोलता फळ्यावर ठिपके काढायला लागले. प्रत्येक ठिपका म्हणजे आमच्यातला एक जण, सगळ्यात जास्त दिवस जिथे बसला तिथे. खिडकीकडे आमच्या किनाऱ्यावरून बसनं येणारी मंडळी. मधे बाजारपेठेतली. दाराजवळच्या दोन बाकांवर मुसलमानांची मुलं. आणि शेवटच्या बाकावर, भिंतीला लागून, एकाच वाडीतले चौघे, ज्या वाडीचं नाव गावात जरा आवाज खाली करून घेतात.

मग सरांनी टेबलाच्या जागी एक देऊळ काढलं. बाकांमधल्या वाटेचा रस्ता केला. कोपऱ्यात विहीर काढली. आणि बाजूला झाले.

तो गाव होता! आमचा, कुणाचाही, इथला प्रत्येक गाव. देवळाच्या जवळ कोण, विहिरीच्या पलीकडे कोण, सगळं जिथल्या तिथे.

"वाडी-वाडी बसलास," सर म्हणाले. "कोणी सांगलेला? मी सांगलंय? तुमच्या आवशी-बापाशीन सांगला? कोणीच नाय! गावला!" आणि खडू मोडला.

माझ्या अंगावर काटा आला. भीतीनं नाही, आनंदानं. आपल्या आतून कुणीतरी आपल्याला चालवतंय आणि त्याला पकडता येतं, हे कळल्यावर कुणाला घरी स्वस्थ बसवेल? त्यातून मी आणखीच फुगले होते, कारण फळ्यावर एक ठिपका चुकीच्या जागी होता आणि तो माझा होता. मी दाराजवळच्या बाकावर शमीमशेजारी बसायचे. शमीम माझी पाचवीपासूनची मैत्रीण. बंदराजवळ तिच्या वडलांचं जाळी-दोऱ्यांचं दुकान, आणि तिथून हाकेच्या अंतरावर आमचं घर. सर माझ्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाले, "हो एक तेवडो वाट चुकलो." मला ते पदकच वाटलं. परतीच्या बसमध्ये मी शमीमला अख्खा रस्ता तेच सांगत होते. कसालच्या पुढे ती झोपली, तरी मी सांगत होते.

सरांच्या कौलाची गोष्ट तर अजून सांगितली जाते. आमच्याकडे देवळात कौल लावतात. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आमच्या वर्गातल्या एकाला मुंबईत नोकरी मिळत होती आणि इथे मामा त्याला आपल्या खानावळीत बोलावत होता. दोन महिने तो सगळ्यांचं डोकं खात होता. शेवटी सरांनी जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून फळ्यावर चिकटवल्या. उजवी पडली तर मुंबई. सगळा वर्ग फळ्याकडे बघतोय आणि सर फळ्याकडे पाठ करून त्या मुलाकडे बघतायत. उजवी पडली. पोरं ओरडली, "मुंबय!"

"नाय," सर म्हणाले. "पाकळी पडली तेवा तेचे खांदे पडले. ह्येका थंय जावचाच नाय."

तो मुलगा रडायलाच लागला आणि मामाकडे गेला. आज तारकर्लीला त्याची स्वतःची खानावळ आहे आणि गल्ल्यामागे जास्वंदीचं झाड आहे.

ही बातमी शेजारच्या गावातल्या गुरवाच्या कानावर गेली. देवाची थट्टा केली म्हणून तो भयंकर संतापला. सर समजूत घालायला त्याच्या घरी गेले, अर्थात मागीलदारानं. त्यांनी बापड्यानं शास्त्र समजावून सांगितलं: देवाचा कौल देवाला ठाऊक, मी फक्त माणसाचं तोंड बघतो. गुरव बराच वेळ सुपारी कातरत बसला. मग म्हणाला, "मास्तरांनु, माझे केस ह्याच कामात पिकले. कौल पडता तेवा मी काय बगतंय असा वाटता तुमका? पाकळी?"

ही हकिकत सांगताना सर इतके हसायचे की त्यांना खोकला लागायचा.

आमच्या घरी सर रविवारी यायचे. मालवणच्या बाजारातून मासे घ्यायचे आणि जाताना स्कूटर आमच्या माडाखाली लावायची. पहिल्या खेपेला आई बांगडे साफ करत होती. अचानक केळीतून शर्टाच्या खिशात खडू घेतलेला माणूस उगवल्यावर तिनं हातातली कोयतीच उगारली. तेव्हापासून त्यांचं नाव पडलं 'मागीलदारचो मास्तर'. पण दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत आईचं मत पार फिरलं, कारण चहा झाला की सर आपला कप आपण धुवायचे. बोलता बोलता उठायचे, धुण्याच्या दगडावर जाऊन कप विसळायचे, पालथा घालून ठेवायचे. आईनं सगळ्या वाडीला ऐकवलं: "इतको शिकलेलो माणूस, पण कप सोता धुता! नायतर आमचो घोव! कप जाग्यावरसून उचलूक नको." वाडीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना सरांचा दाखला द्यायला लागल्या. नवरे सरांच्या नावानं बोटं मोडायला लागले.

असाच एक रविवार. शमीम वही न्यायला आली होती आणि पडवीत बाबांशी बांगड्याच्या गप्पा मारत झोपाळ्यावर बसली होती. सर मागच्या पायरीवर. मी आत चहा करत होते आणि तोंडानं अखंड बडबडत होते. आता मला सगळीकडे मागीलदारं दिसायला लागली होती ना! अमकी असं बोलली त्याचा खरा अर्थ काय, तमक्याला स्वप्न पडलं ते का. सर हूं हूं करत होते. मी खुंट्यांवरचे पांढरे कप काढले, एक बाबांना, एक सरांना, एक मला. आणि मग हात खिडकीकडे गेला.

"थांब," सर म्हणाले.

मी थांबले. हात हवेत.

"हो कप कोणाचो?"

खिडकीच्या गजांपाशी एक कप असायचा, निळ्या फुलांचा. "शमीमचा," मी म्हटलं.

"तिना आणल्यान?"

"नाही."

"तिना मागल्यान?"

"नाही सर, तो तिचाच आहे. पाचवीपासून."

"ठरवल्यान कोणी?"

सरांनी आणखी एकच प्रश्न विचारला, अगदी हळू. "धुतंस खंय?"

पांढरे कप स्वयंपाकघरातल्या मोरीत धुतले जायचे. निळा बाहेर, दगडावर. पाचवीपासून शेकडो वेळा मी स्वतः तो कप बाहेर नेऊन धुतला होता. कुणी मला सांगितलं नव्हतं. मी कधी ठरवलं नव्हतं. मी, वाट चुकलेला ठिपका! माझं सगळं रक्त तोंडावर आलं.

त्या दिवशी सर "गावला" म्हणाले नाहीत.

मी काय म्हणाले ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. म्हटलं, "सर, तुम्हाला सगळीकडे घाणच दिसते." ते चहा प्यायले, कप धुतला, पालथा घातला आणि केळींतून निघून गेले. आई दाराबाहेर कपडे वाळत घालत होती, तिनं सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी तांदूळ निवडताना एकदम म्हणाली, "माझ्या सासयेन ठेवललो तो कप थंय. उचलूक माका कधी सुचाकच नाय गो."

मी कप उचलला आणि तांदळाच्या डब्यात तळाशी पुरला. वाटलं, संपलं. पुढच्या वेळी शमीम आली तेव्हा मी तिला पांढऱ्या कपातून चहा दिला, आणि मनातल्या मनात माझीच पाठ थोपटत होते.

शमीमनं कपाकडे बघितलं, मग खिडकीकडे.

"माझो कप खंय?"

"फुटला," मी म्हणाले.

ती मग "बरा" म्हणाली, अर्धा चहा प्यायली आणि काम आहे म्हणून निघाली. भांडण नाही, शब्द नाही. सोमवारी बसमध्ये ती तिच्या चुलतबहिणींबरोबर बसली. वर्गातही त्यांच्याच बाकावर. माझ्यासाठी तिथे जागा उरली नव्हती, म्हणून मी खिडकीकडे किनाऱ्यावरच्या मुलींत जाऊन बसले. चार-पाच दिवसांनी माझ्या लक्षात आलं की माझा ठिपका आपल्या वाडीत परत आला आहे.

आता माझा संताप कुणावर निघणार? सरांवर! सात वर्षांची मैत्री, शाळेतली, पावसाची, एका छत्रीतली, एका प्रश्नानं मोडून ठेवली ह्या माणसानं. शनिवारी कॉलेज सुटल्यावर मी तडक त्यांच्या घरी निघाले. त्यांच्या घरी कुणी गेल्याचं मी ऐकलेलं नव्हतं. कणकवलीच्या बाहेर उतारावर त्यांचं छोटं कौलारू घर होतं, एकटेच राहायचे. पुढचं दार सताड उघडं होतं. पण मी मनात म्हटलं, ज्याचा कायदा त्याला लावायचा. आणि घराला वळसा घातला.

मी आजवर पाहिलेल्या मागीलदारांत तसं एकही नव्हतं. तिथे काहीच नव्हतं. लाकडं नाहीत, दगड नाही, दोरी नाही, एक वाळकं पान नाही. नुसती कोबा केलेली स्वच्छ जमीन. दाराला बाहेरून कुलूप आणि ते गंजून कडीशी एक झालेलं. दाराशेजारच्या कोनाड्यात फक्त एक करवंटी होती, काळीभोर, घासून घासून चकाकणारी. मी ती उचलली.

"हयसून खंय इलंस?"

सर कोपऱ्यावर उभे होते. मी त्यांना इतकं चिडलेलं कधीच पाहिलं नव्हतं. "पुढल्या दारान ये! माझ्या घराक मागीलदारान कोण येवचा नाय! कोणीच नाय!"

आम्ही दोघंही चरकलो. माझं भांडण मी विसरले. तोंडातून निघून गेलं, "मग सर, तुम्ही का जाता? सगळ्यांच्या मागीलदारानं?"

सर ताबडतोब प्रमाण मराठीत शिरले. "त्याचं असं आहे, निरीक्षकानं नेहमी अनौपचारिक बाजूनं प्रवेश करावा, म्हणजे शास्त्रीय दृष्ट्या..."

त्यांचा हात कानाकडे गेला होता.

मी बघितला. त्यांनी माझं बघणं बघितलं. मग हात कानावरून काढून समोर धरला आणि त्याच्याकडेच बघत राहिले. खाली कुणाच्या तरी गोठ्यात म्हैस ओरडत होती.

"माझी आवस भात कांडूक जायची," ते म्हणाले. "लोकांकडे. माका घेवन. पुढल्या दाराक जावची आमका मुभा नाय. घराक वळसो घालून मागे. च्या व्हयी तर बाय वरसून ओतायची, ह्या करवंटेत. पियाल्यार आवस दगडार जावन ती सोता धुवायची नि वळचणीक पालथी घालून ठेवायची. दुसऱ्या दिसाक परत तीच." ते थांबले. "आवस सांगायची, पुढल्या दाराक पाय लावशीत तर पाय मोडून ठेवीन. मी पाच-सा वर्सांचो."

मग एकदम ते हळूच म्हणाले, "गावला."

आणि हसायला लागले. खरंच हसायला लागले! डोळ्यांतून पाणी वाहतंय, आणि त्या रिकाम्या कोब्यावर येरझारा घालतायत, हात उडवतायत. "इतकी वर्सां! इतकी वर्सां मी शास्त्र म्हणान चललंय नि पाय चलत हुते आवशीच्या पाठसून! समद्यांची मागीलदारा उघडलंय नि माझ्या मागीलदाराक कुलूप! गो बाय, ह्या कोणी पकडल्यान? तू पकडलंस! माझ्या वर्गातल्या चेडवान!" मीही रडत होते आणि हसत होते. दुसऱ्याचं पकडण्यात काय आनंद असतो तो मला ठाऊक होता. स्वतःचं पकडलं गेल्यावर कुणी इतकं उजळलेलं मी तेव्हाच पाहिलं.

मला पाणी देताना त्यांनी विचारलं, "कपाचा काय केलंस?" मी सगळं सांगितलं. 'फुटला' म्हटलं तेसुद्धा.

"मगे जा तिच्याकडे," सर म्हणाले. "नि पुढल्या दारान जा."

शमीम दुकानाच्या मागच्या खोलीत जाळ्याच्या दोऱ्याच्या गुंड्या मोजून ठेवत होती. मी उंबऱ्यातच उभी राहून धडाधडा सगळं सांगून टाकलं: खिडकी, दगड, डबा. सांगून झाल्यावर वाटलं ती आता रडेल किंवा मला बाहेर काढेल. तिनं हातातली गुंडी फळीवर ठेवली.

"माका पयल्या दिसाक कळला," ती म्हणाली. "पाचवीत. घराक येवन रडलंय. माझी आवस म्हणाली, परत जाव नको थंय."

"मग आलीस का?"

"तुमच्याकडे झोपाळो होतो." ती जराशी हसली, जराशीच. "नि तू होतंस. मगे मी ठरवलंय, कप तेंनी वेगळो केलो ना, तर मी तो माझो करतंय. तेच्यार अकरा निळी फुला आसत. बारावा अर्धाच आसा. तुका म्हाईत होता?"

मला माहीत नव्हतं. शेकडो वेळा धुतलेला कप!

"नि तू खोटा बोललंस," ती म्हणाली. आता आवाज चढला. "कप वेगळो होतो ता मी गिळलंय. पण माझो कप माका इचारल्याबगर लपवलंस आणि वयर खोटा? उद्या घेवन ये."

दुसऱ्या दिवशी मी तांदूळ झटकून कप नेऊन दिला. तिनं तो आपल्या फळीवर, घरच्या कपांच्या रांगेत ठेवला. तिच्या घरी आता ज्याच्या वाट्याला येईल त्याला त्यातून चहा मिळतो. मी गेले की मुद्दाम मागून घेते, आणि ती दर वेळी देतेच असं नाही. 'जाऊ दे गं' असं ती मला कधी म्हणाली नाही, आणि ते बरंच केलं. त्या सोमवारी मात्र तिनं माझ्या शेजारी दप्तर आपटलं आणि म्हणाली, "सरक."

त्यानंतर बरेच रविवार सर आले नाहीत. वार्षिक परीक्षा संपल्यावर एका सकाळी स्कूटरचा आवाज आला. मी आणि शमीम झोपाळ्यावर होतो. सरांनी स्कूटर माडाखाली लावली, बाबांना हात केला, आणि त्यांची पावलं केळींकडे वळली.

तेवढ्यात आई पडवीत आली. पाहुणा आला की आई आतच असायची. पुढे यायचं ते बाबांनी, हाही आमच्याकडचा न ठरवलेला नियम. पदराला हात पुसत ती थेट पायरीपर्यंत आली. मी तिला सगळं सांगितलेलं होतं.

"मास्तरांनु," ती म्हणाली, "हयसून येवा."

सर खळ्यात थांबले. एक पाय केळींकडे, एक घराकडे. आमच्या पडवीला तीनच पायऱ्या आहेत. वर्गात साठ मुलांना हलवून सोडणारा माणूस त्या तीन पायऱ्यांकडे बघत उभा होता, आणि शमीमनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. मग त्यांनी चपला काढल्या, अगदी नीट, एकीला एक लावून, आणि चढले.

खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. पण आईनं पांढऱ्या कपांतून सगळ्यांना चहा दिला, शमीमनं काहीतरी खोडसाळ विचारलं, आणि गाडी सुटली! परीक्षेत उत्तर येत असूनही मुलं ते का विसरतात, ह्यावर त्यांना नवीन काहीतरी गावलं होतं. हात उडत होते, मालवणी सुटली होती, मी मधे तोंड घालत होते, शमीम उलट बोलत होती. चहा संपला. आणि बोलता बोलताच सर उठले. कप हातात. पडवीतून माजघर, माजघरातून स्वयंपाकघर, वाक्य चालूच, आम्ही मागून ऐकत ऐकत चाललोय, मागच्या दारातून बाहेर, दगडापर्यंत. त्यांनी कपात पाणीही घेतलं.

आईनं कप धरला.

"सोडा, मास्तरांनु."

सरांचं वाक्य थांबलं. त्यांनी आईकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. बोटं कपाभोवती तशीच होती. त्यांना सोडायचा होता हे तोंडावर स्पष्ट दिसत होतं, पण बोटं उघडत नव्हती. आईनं ओढला नाही. नुसती धरून उभी राहिली.

"सावकाश," ती म्हणाली. "माकाय सुटूक वेळ लागलो."

मग बोटं सुटली, एकेक करून. आईनं कप आत नेला, मोरीत धुतला आणि बाकीच्या कपांशेजारी खुंटीला लावला. सर ओल्या हातानं दगडापाशी उभे होते. नेहमीप्रमाणे ते केळींच्या वाटेकडे वळले, दोन पावलं गेलेही, आणि थांबले.

त्यांच्या चपला पुढच्या दारात होत्या. ते मागे फिरले आणि आमच्या सगळ्या घरातून चालत पुढे गेले.